भट्टी गल्लीचे दहापैकी दहा

नकाशा उघडला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सगळ्या सोलापुरात राहायला सगळ्यात सुखाची जागा कुठली, तर म्हणे भट्टी गल्ली! नकाशात हिरवा रंग म्हणजे सुखाचं राहणं आणि लाल म्हणजे हालाचं. भट्टी गल्ली इतकी गर्द हिरवी झाली होती की कधी न बघितलेल्या माणसाला वाटावं, तिथं आमराई आहे. आणि विजापूर रोडकडची सुखनिवास सोसायटी, जिथं खिडकी-खिडकीला एसी आहे, दारात गुलमोहर आहेत आणि टाकीतलं पाणी कधी संपत नाही, ती लालभडक.

ज्या गल्लीचं नावच चुरमुऱ्याच्या भट्टीवरून पडलं, आणि भट्टी बंद पडून जमाना झाला तरी मे महिन्यात जिथल्या पत्र्याला हात लागला तर फोड येतो, त्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले. तिथं ऊन कसं असतं हे मला नकाशात बघायची गरज नव्हती. पण हा नकाशा दुसऱ्या कुणी नाही, मीच केला होता. खरी पंचाईत तीच होती.

मी वैष्णवी. सोलापुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. पुण्याच्या एका संस्थेनं यंदा आमच्या विभागाला काम दिलं होतं: शहरातल्या वस्त्यांचा राहणीमान निर्देशांक काढायचा. ऊन किती, पाणी किती दिवसांनी, हवेत धूळ किती, झाडांची सावली किती, दवाखाना किती लांब, हे सगळं मोजायचं, त्याला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे नकाशात रंग भरायचे. जी वस्ती तळाला येईल तिथल्या सगळ्या पत्र्यांना संस्था उन्हाळा तापायच्या आत ऊन परतवणारा पांढरा रंग लावून देणार होती. यंदा एकच वस्ती, बाकीच्या पुढं कधीतरी.

पहिल्या बैठकीत संस्थेचे उदयसिंह म्हणाले, उपग्रहाचे आकडे आहेत, तेवढे पुरेत. मी लगेच उसळले. म्हटलं, उपग्रहाला पत्र्याच्या वरचं दिसतं, पत्र्याखालचं माणूस दिसत नाही. माणसांना विचारा, आणि त्यांच्या मताला निम्मे गुण द्या. उदयसिंह मोठे शांत गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि माझं ऐकलं. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होऊन घरी गेले.

आता खरं सांगते. मला सगळ्या शहराची काळजी नव्हती. मला एका पत्र्याची काळजी होती.

तो पत्रा मदिनाबीचा. मी तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी. आमच्या भिंतीला तिची भिंत लागून. मी आठवीत असताना आई गेली, अप्पा लूमवर पाळीला, आणि मी जेवणंच सोडलं. ताट पुढं आलं की घास घशात अडकायचा. खाला टॉवेलांच्या कडा शिवायची. ती मशीन थांबवून यायची, माझ्यापुढं बसायची आणि बोलत राहायची. कुणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली, कुठल्या दुकानदाराचा विग वाऱ्यानं उडाला, काहीही. तिचं बोलणं चालू असलं की माझी भाकरी संपायची. कधी संपली ते मला कळायचंही नाही.

लग्न झालं, फ्लॅट झाला, नोकरी झाली, पण ती सवय काही गेली नाही. आजही कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मी आधी खालाला फोन लावते. ती विचारते, "काय आणलंयस डब्यात?" मी विचारते, "ऊन कसं आहे?" ती म्हणते, "गार हाय ग. लई गार हाय." मग ती गल्लीच्या बातम्या सांगते आणि मी जेवते.

मागच्या मेमध्ये त्या गार घरात ती चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, म्हातारीला अजून एक उन्हाळा असल्या पत्र्याखाली काढू देऊ नका, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही. तिचा मुलगा नईम ट्रकवर असतो, आज हैदराबाद तर उद्या नागपूर. त्यानं आणि मी मिळून तिला किती सांगितलं, माझ्याकडं राहायला चल. एकच उत्तर. "लेकीच्या दारात ऱ्हात्यात व्हय?" मी कूलर घेऊन दिला, तो तिनं समोरच्या चन्नम्माच्या सुनेला देऊन टाकला, का तर ती नुकती बाळंत झाली होती. शेवटी म्हटलं, तुझ्या पत्र्याला मीच पांढरा रंग लावून देते. तर म्हणे, "माझ्या एकटीचं घर गार झाल्यावर चन्नम्मानं काय माझ्या पत्र्याकडं बघत बसायचं?"

म्हणजे अख्खी गल्ली रंगली तरच खालाचा पत्रा रंगणार. आणि अख्खी गल्ली रंगायची तर ती नकाशात लाल यायला हवी. म्हणून मी निम्म्या गुणांसाठी भांडले होते.

गल्लीत सर्वेक्षणाला आरोही गेली होती. माझी हुशार विद्यार्थिनी. तिला समोर उभं करून विचारलं, "तू नक्की गेली होतीस ना?"

"मॅडम, शप्पथ! घराघरात गेले. सगळे दहापैकी दहाच म्हणाले. पाणी दहा, हवा दहा, उकाडा विचारला तर म्हणाले, छे, गार असतं. आणि मॅडम, प्रत्येक घरात मला सरबत दिलं. मी नको नको म्हणत होते."

सरबत हा शब्द ऐकला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी गल्लीत गेले. खाला दारातच होती. मला बघून उठली, माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि पेला ताटलीत ठेवून माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"खाला, त्या पोरीला काय सांगितलंस तू?"

"कुटल्या? चष्म्यावाल्या? लई गुणाची पोर हाय ग. चप्पल भाईर काढून आली."

"घर गार असतं म्हणून सांगितलंस?"

"मग काय सांगू?" खालालाच माझं नवल वाटलं. "पोर पयल्यांदा उंबऱ्यात आली. उनात फिरून तोंड लालबुंद झालं हुतं तिचं. तिच्यापुढं आपल्या घरचं रडगाणं लावू? पाव्हण्यापुढं घरातलं उणं काढत्यात का कुटं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अगं, नळाला पाच दिवसांनी पाणी येतं!"

"येतंय न्हवं? येतंय म्हनूनच सांगितलं."

तेवढ्यात समोरून चन्नम्मा आली. हात पुसत पुसत म्हणाली, "आणि पोरी, ती पोर तुझ्या कॉलेजातली. आमी हाल हाय म्हनलो असतो तर नाव कुणाचं गेलं असतं? तितं सगळी म्हनली असती, वैष्णवी म्याडमचं म्हायेर असलं हाय बघा. ते आमाला चालंल व्हय?"

मी तिथंच पायरीवर बसले. मला राग आला होता आणि त्याच वेळी या दोघींना कवटाळावंसंही वाटत होतं. सुखनिवासमधून भरून आलेले सर्वेक्षणाचे फॉर्म मला आठवले. तिथल्या गुरुबसप्पांनी सोसायटीला दहापैकी तीन दिले होते. कारण काय, तर वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी त्यांच्या तुळशीत पडतं. ज्यांच्याकडं सगळं आहे ते पोटभर रडले होते, आणि ज्यांच्याकडं काही नाही त्यांनी सरबत पाजलं होतं. माझा नकाशा अगदी बरोबर होता, फक्त उलटा होता.

उदयसिंहांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पटली नाहीत म्हणून लोकांची उत्तरं बदलता येणार नाहीत. आणि मताला निम्मे गुण तुम्हीच मागितले होते." मग त्यांनाच माझी दया आली असावी. म्हणाले, "एक करू. घरात यंत्रं ठेवू. यंत्र तर खोटं बोलणार नाही?"

ती यंत्रं काडेपेटीएवढी होती. दर तासाला घरातलं तापमान आपलं आपण नोंदवून ठेवायची. प्रत्येक वस्तीत काही घरांत एकेक द्यायचं आणि आठवड्यानं परत घ्यायचं. भट्टी गल्लीतलं एक यंत्र मी स्वतः खालाच्या हातात दिलं. तिला नीट समजावलं. तू जिथं बसतेस तिथं ठेव, झाकू नकोस, उचलू नकोस, काही करू नकोस. खालानं मोठ्या गंभीरपणे मान हलवली.

आठवड्यानं उदयसिंहांचा फोन. आवाजात हसू होतं. "मॅडम, तुमची भट्टी गल्ली महाबळेश्वर निघाली की हो! बाहेर एकोणचाळीस असताना मदिनाबींच्या घरात सत्तावीस. सुखनिवासमध्ये सदतीस आहे."

सुखनिवासचं कोडं लगेच सुटलं. गुरुबसप्पांनी यंत्र घरात अडचण नको म्हणून गॅलरीत ठेवलं होतं. खालाच्या घरी मात्र मला यंत्र सापडेचना. शेवटी तिनंच दाखवलं. माठाला जे ओलं पोतं गुंडाळलेलं असतं, त्याच्या दोन घड्यांच्या मधे, तान्ह्या बाळासारखं निजवून ठेवलं होतं.

"एवढं म्हागाचं यंत्र," खाला म्हणाली, "उनानं बिघडलं असतं तर तुज्यावर आलं असतं. म्हनून गारव्याला ठेवलं. पोतं वाळू दिलं न्हाय बघ. सकाळी चन्नम्मानं तांब्या ओतायचा, दुपारी मी, सांजच्याला पलीकडची गोजरबाई."

पाच दिवसांनी येणारं पाणी. पोटाला चिमटा घेऊन पुरवलेलं. त्यातलं या बायकांनी माझ्या यंत्राला पाजलं होतं.

मी त्या दिवशी फार बोलले. नको ते बोलले. "खाला, तुला कळतं का काही? या यंत्रानं खरं सांगितलं असतं तर तुझा पत्रा रंगला असता. तुला काय मरायचंय का इथं?" शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. माझे डोळे वाहायला लागले होते ते मला पुसायचंही भान नव्हतं. खालानं सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाली, "जेवून आलीस का उपाशीच आलीस?"

मी यंत्र पिशवीत टाकलं आणि घरी आले.

आकडे द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती. गुरुवारी माझा दुपारचा तास रद्द झाला. म्हटलं, एकदा भर उन्हात जाऊन बसते खालापाशी. माझ्या डोळ्यांनी बघते, घाम पुसत का होईना खरं वदवून घेते. जाणारच आहे, म्हणून फोनही केला नाही. डबा पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली.

गल्लीच्या तोंडालाच गाडी थांबवली; खालाचं घर पार आतल्या टोकाला. दिसत होतं तिथवर एकाही घरात माणूस नव्हतं. दाराला दार कडी लावून बंद. पत्रे मधेच कडकड वाजत होते, एक कुत्रं गटारात अंग टाकून पडलं होतं, बाकी चिटपाखरू नाही. इतकी वर्षं मी सकाळी नाहीतर संध्याकाळीच येत होते. गल्लीची दुपार मी विसरूनच गेले होते.

मागच्या बाजूनं बोलण्याचा आवाज आला. तिकडं बंद पडलेल्या गिरणीचं आवार आहे. भिंत एका ठिकाणी खचली आहे, तिथून आत गेले. आत भलंमोठं कडुनिंबाचं झाड, आणि त्याखाली अख्खी भट्टी गल्ली. कुणी टॉवेलांना गोंडे बांधतंय, कुणी लसूण सोलतंय, चन्नम्माच्या सुनेचं बाळ फांदीला बांधलेल्या झोळीत झोपलंय. म्हातारी माणसं पोत्यांवर आडवी झालीत.

"तुम्ही सगळे इथं कसे?" मी विचारलं.

"मग कुटं असायचं दुपारचं?" चन्नम्मा हसली. "रोज हितंच असतो की. अकराला यायचं, पत्रा निवला की सांजच्याला जायचं. लई झकास सावली हाय, बस की."

मी उभीच राहिले. माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. घर कसं आहे, असं विचारलं तर ही माणसं मेली तरी खरं सांगणार नव्हती. पण काल दुपारी तुम्ही कुठं होतात, या प्रश्नात घराची अब्रू कुठं येते? उलट इथं सावलीचं कौतुक सांगायचं होतं, आणि कौतुक सांगायला गल्ली एका पायावर तयार.

पिशवीत गल्लीचा नकाशा होताच. मी पोत्यावर पसरला आणि विचारत सुटले. काल दुपारी कुठं होता? निंबाखाली. परवा? निंबाखालीच. पावसाळ्यापर्यंत रोज? मग काय! एकेका माणसाचं एकेक टिंब मी घरातून उचलून झाडाखाली मांडत गेले. बघता बघता नकाशातली सगळी घरं रिकामी झाली आणि निंबापाशी टिंबांची गर्दी झाली. मला नाचावंसं वाटत होतं.

एक टिंब राहिलं.

"खाला कुठंय?" मी मान वर करून बघितलं. "खाला दिसत नाही."

लसूण सोलणारे हात थांबले. गोजरबाई चन्नम्माकडं बघायला लागली.

"ती न्हाय येत," चन्नम्मा म्हणाली. "सकाळची येती थोडा येळ. दुपार झाली की उठून घरी जाती. तिचं काम असतंय."

"या उन्हात? कसलं काम?"

"आता बघ." चन्नम्मानं नजर खाली घातली. "तुझा फोन असतो न्हवं."

मला काही कळेना. "मग फोन इथं घेऊन यायचा की. मोबाइलच तर आहे तो."

"त्येची बॅटरी मेल्याली हाय कवाच. वायर काढली की बंद पडतोय. भिंतीला लावून धरायला लागतोय कानाला. आमी म्हनलो, वैष्णवीला सांग. तर आमालाच शपथ घातली."

मी धावले. खचलेल्या भिंतीवरून उतरताना पाय मुरगळला, तशीच धावले. खालाचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तव्यावरची वाफ तोंडावर यावी तशी झळ आली. पंखा फिरत होता, तो वरची आग खाली ढकलत होता. आणि कोपऱ्यात, बटणाच्या बोर्डाखाली, डोक्यावर ओलं फडकं घेऊन खाला भिंतीला टेकून बसली होती. वायर लावलेला मोबाइल तिनं दोन्ही हातांत धरला होता. चेहरा तांबडाभडक झाला होता.

मला बघून ती दचकली. मग रागावली.

"फोन का केला न्हाईस ग आज? कवाची बसलीय मी! माझा जीव निस्ता टांगणीला लागला. काय झालं, कुटं पडली का गाडीवरनं, जेवली का न्हाय..."

मी तिच्यापुढं मटकन बसले. रोज मी कॉलेजच्या पंख्याखाली बसून विचारत होते, ऊन कसं आहे, आणि रोज ही बाई या कोपऱ्यात बसून सांगत होती, गार हाय. मागच्या मेमध्ये चक्कर आली होती तीही दुपारीच. कुठं आली होती ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"खाला, तू निंबाखाली का नाही बसलीस? मला एका शब्दानं का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? तू लगीच फोन करायचं बंद केली असतीस."

"नाही, नवा मोबाइल आणला असता."

"आणि त्यो पन मी कुणाला तरी दिला म्हनून भांडली असतीस." ती जराशी हसली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू जेवताना बोलतीस. हिकडं मला ऐकू येतंय, तुझा घास घशाखाली उतरतोय. तेवढं ऐकलं की माझी दुपार जाती बघ. पत्र्याचं काय, त्यो तापायचाच."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि तिचा हात भाजत होता.

मग मी उठले. ती सवयीनं पेल्याकडं आणि ताटलीकडं वळली, तशी मी तिला धरून बसवली. माठावरचा डाव काढला, वाकून पाणी घेतलं आणि लहानपणी प्यायचे तशी वरून प्यायले. थोडं गळ्यावर सांडलं. खाला बघत होती.

"मी पाहुणी आहे का ग तुझ्या घरात?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग मला दहापैकी दहा का सांगतेस?"

वरचा पत्रा कडकड वाजला. मग खाली बघत, जणू चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "लई तापतंय ग पोरी. रातचं पन झोप लागत न्हाय. मागल्या येळी पडले तवा वाटलं, आता काय तुझा फोन घेनं व्हत न्हाय."

मी मोबाइलची वायर उपटली आणि तिला हाताला धरून निंबाखाली नेलं. डबा तिथंच उघडला. भाकरी होती, शेंगाचटणी होती. सगळ्या बायांनी आपापलं त्यात घातलं.

त्याच संध्याकाळी उदयसिंहांना सांगितलं, मला एकच प्रश्न वाढवू द्या, तो सगळ्या शहराला विचारू द्या आणि मताचे गुण त्याच्यावर द्या. काल दुपारी तुम्ही कुठं होतात? त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले असावेत. मग म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. मुदत सोमवारपर्यंत वाढवतो." आरोही आणि बाकीच्या पोरांनी दोन दिवस शहर पालथं घातलं. सुखनिवासमध्ये जो तो घरी होता. गुरुबसप्पा तर पांघरूण घेऊन झोपले होते, हे त्यांनीच अभिमानानं सांगितलं. भट्टी गल्लीत एक टिंब सोडलं तर घरात कुणीच नव्हतं. दिवसातला निम्मा वेळ ज्या घरात बसवत नाही, त्या घराला दहा गुण कसे देणार? पोत्यातल्या आणि गॅलरीतल्या यंत्रांचे आकडे बाद केले, नकाशा पुन्हा रंगवला आणि गल्ली लाल झाली. इतकी वर्षं भूगोल शिकवते, पण लाल रंग बघून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

उदयसिंहांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हे एक टिंब तेवढं घरात कसं?"

"ते माझ्यासाठी बसलं होतं," मी म्हटलं. त्यांनी टिंबावरचं बोट हळूच उचललं.

एप्रिल लागता लागता माणसं शिड्या घेऊन आली आणि भट्टी गल्लीचे पत्रे एका टोकापासून पांढरे होत गेले. खालाच्या मोबाइलला मी नवी बॅटरी टाकून दिली. मोबाइल मात्र जुनाच ठेवला, नाहीतर तोही कुणा बाळंतिणीकडं गेला असता. आता दुपारी फोन लावला की मागं कावळे ऐकू येतात, चन्नम्माचं हसणं ऐकू येतं.

पण परवा फोन लावला तर मागं काहीच ऐकू आलं नाही.

"कुठं आहेस?" मी घाबरून विचारलं.

"घरात हाय. म्हनलं, आज बसून तर बघू रंगाखाली."

"मग? गार आहे का?"

"कुटलं गार आलंय!" खाला करवादली. "थोडं कमी झालंय, एवढंच. घाम येतोयच की. गुडघं दुखायलेत, नळाला पानी पहाटं आलं ते मातकट आलं, आणि त्या रंगवाल्यानं माझ्या दारात ठिपकं पाडून ठेवल्यात, निघता निघनात. शेजारच्या कोंबड्यानं तर डोस्कं उठवलंय."

ती किती वेळ तक्रारी करत होती. मी हातात घास धरून नुसती ऐकत होते. इतक्या वर्षांत तिनं माझ्यापुढं असं मनसोक्त रडगाणं गायलं नव्हतं.

"दहापैकी किती देशील, खाला?"

तिनं जरा विचार केला. "सा. सा दे. जास्त देऊ नगंस."

सहा! दहा-दहा गुणांनी जे झालं नव्हतं ते त्या सहानं झालं; मी पाहुणी उरले नव्हते. मी तोंडावर हात धरून गप्प बसले.

"काय ग, गप का?" तिकडून आवाज आला. "जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं. "जेवतेच आहे."

"खोटं बोलू नगंस," खाला म्हणाली. "चावल्याचा आवाज येईना."